पाव्हण्यांना विहीर मानवली नाही

विहिरीत कासव असलं की पाणी नासत नाही, असं आमच्या भागात मानतात. कासव शेवाळ खातं, किडे खातं, पाण्यात पडलं-झडलं साफ करतं, आणि वर घरात लक्ष्मीही टिकवतं म्हणे. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही. मी सून म्हणून आले तेव्हा आमच्या विहिरीत एक म्हातारं कासव होतं आणि लक्ष्मी तेव्हाही जेमतेमच होती. पुढं एका कोरड्या सालात विहिरीनं तळ गाठला, गाळ काढला, आणि त्या गडबडीत कासव कुठं गेलं ते कुणालाच कळलं नाही. आता नवं पकडून आणायची सोय नाही, कायद्यानं बंदी आहे. तेव्हापासून माझे सासरे विहिरीच्या काठावर उभे राहिले की आत डोकावत आणि म्हणत, "घर रिकामं पडलंय."

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. औंढा नागनाथहून जवळा बाजारकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे, आणि गावाच्या कडेला, शेतातच, आमचं घर. थोडी हळद, थोडं सोयाबीन आणि मामांच्या शेळ्या. नवरा हिंगोलीला नोकरीला, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. पोरं शिकायला बाहेर. दिवसभर घरात आम्ही तिघं, माझं शिलाई मशीन आणि शेळ्यांचं बें-बें.

मामा माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. सासऱ्यानं सुनेशी तोंडासमोर बोलायचं नाही आणि सुनेनं त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी लागायचं. "तिला म्हणावं, पाव्हणे येऊन राहिलेत, चहा टाक." हे आत्यांना, आणि मी चार हातांवर उभी. आत्या घरात नसल्या की मामा शेळीला सांगत. "आज तुमाला वैरण कुणी टाकली न्हाई काहून गं?" शेळी बिचारी काय बोलणार? मी उठून वैरण टाकायची. लेकी बोले सुने लागे, ही म्हण आमच्याच अंगणात जन्मली असावी. फक्त लेक लग्न होऊन पुण्याला गेली, म्हणून तिच्या जागी शेळी आली.

मी बी.ए. झालेली, गावातले निम्मे ब्लाऊज माझ्या हातचे, आणि तोंडही काही लहान नाही. सुरुवातीची वर्षं या प्रकाराचा मला फार राग यायचा. राग आला की मी मशीन जोरात चालवायची. मामांना तो आवाज बरोबर कळायचा. ते शेळीला म्हणायचे, "चला, बाहेर जाऊ, आज इथं गरम हाय."

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात नणंद तिच्या पोरीला घेऊन आली आणि गाडीतून एक लाकडी खोकं उतरवलं. खोक्यात कासव होतं. मोठ्या पोळपाटाएवढं, वाळक्या मातीच्या रंगाचं, पुढच्या पायांवर खवलेच खवले. माझ्या भाचीचं लाडकं. घेतलं तेव्हा तळहातावर मावत होतं आणि दुकानदारानं सांगितलं होतं, हे एवढंच राहतं. कासव काही ते ऐकायला दुकानात थांबलं नव्हतं. वाढलं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर फरशीवर पाय घसरवत दिवसभर भिंतींना धडका द्यायला लागलं. नणंदेनं आल्या आल्या हेही सांगून टाकलं, की आपल्याकडची कासवं घरात ठेवता येत नाहीत, पण हे परदेशातलं आहे, तिकडच्या कोरड्या, वाळवंटाकडच्या मुलखातलं, आणि याची रीतसर नोंद केलेली आहे. म्हणजे कुणी काही विचारलं तर घाबरायचं कारण नाही.

मामांनी ते दोन्ही हातांनी उचललं, उलटं न करता, शेळीचं करडू उचलावं तसं पोटाखाली हात घालून. कासवानं मान बाहेर काढून त्यांच्याकडं बघितलं. मामांनी कासवाकडं बघितलं. दोघांच्याही मानेला सारख्याच सुरकुत्या. मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं.

"आजोबा," भाची म्हणाली, "दिवाळीला मी येते. तोपर्यंत तुम्ही सांभाळाल ना?"

"बाळा, दिवाळीला तुझं तुला जित्तं देतो," मामा म्हणाले. "शब्द हाय माझा."

आता मामांचा शब्द म्हणजे काय, हे जवळ्याच्या बाजारात जाऊन विचारावं. शेळी गाभण आहे म्हणाले तर गाभण, दोन वेळ दूध देते म्हणाले तर दोन वेळ. त्यांच्याकडचं जनावर घेणारा दात उचकटून बघत नाही. त्यामुळं भाची निश्चिंत मनानं गाडीत बसली आणि नणंद म्हणाली, "बाकीचं मी फोनवर सांगते."

त्या 'बाकीच्या'तच सगळा घोळ होता. कासवाला कुणी विहिरीत सोडेल, हे पुण्यात कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. आणि पाण्यात न राहणारं कासव जगात असतं, हे आमच्या स्वप्नात आलं नव्हतं. ते कोरड्या मुलखातलं आहे हे नणंदेनं सांगितलं होतं, नाही असं नाही. पण त्याचा आम्ही अर्थ काय घेतला? तर बिचाऱ्यानं जन्मात पोटभर पाणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाव्हण्यांना त्यांच्या घरी पोचवायला निघालो. मामांनी पहिल्या दिवसापासून त्याला 'पाव्हणं' म्हणायला सुरुवात केली होती. आत्यांनी घरच्या हळदीनं त्याची पाठ माखली, वर कुंकू लावलं. विहिरीच्या काठावर नारळ फोडला. नागनाथाच्या देवळात गाभाऱ्यापुढं दगडी कासव आहे, त्याला हात लावून मग देवाकडं जायचं असतं. आत्यांनी तसाच याला हात लावून कपाळाला नेला. मी ताट धरून उभी होते. मामांनी टोपल्याला दोर बांधला, पाव्हण्यांना त्यात बसवलं आणि हळूहळू खाली सोडलं. मामांचा चेहरा इतका आनंदी मी फार कमी वेळा बघितला आहे.

टोपलं पाण्याला टेकलं, कलंडलं, आणि पाव्हणं दगडासारखं खाली गेलं.

"बुडी मारली," रिकामं टोपलं वर ओढत मामा म्हणाले. "घर बघून राहिलंय."

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते, विहिरीत कमरेएवढंच पाणी होतं आणि ते नितळ होतं. आम्हाला तळ दिसत होता. कासव तळावरून चालत होतं. भिंतीला जाऊन धडकत होतं, वळत होतं, परत धडकत होतं. मान वर ताणलेली होती, जेवढी ताणता येईल तेवढी. पोहत मात्र नव्हतं. पायांना ते माहीतच नव्हतं.

सगळ्यात आधी मामांना कळलं. त्यांनी डोक्याचा रुमाल माझ्या ताटात टाकला आणि विहिरीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायऱ्या अर्ध्या निसटलेल्या. आत्या ओरडायला लागल्या. मामा पाण्यात उतरले, वाकले, आणि पाण्याखाली हात घालून त्यांनी कासव वर काढलं. आणि तेवढ्यातही वर बघून ओरडले काय, तर, "तिला म्हणावं, टोपलं सोड!"

आत्या माझ्या शेजारीच उभ्या. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "टोपलं सोड म्हणतेत."

मी टोपलं केव्हाच सोडलं होतं. माणूस विहिरीत, कासव मरायला टेकलेलं, आणि रीत मात्र काठावर ताठ उभी.

वर आल्यावर मामांनी त्याचं तोंड खाली करून धरलं. जन्मताना गुदमरलेलं करडू धरतात तसं. तोंडातून, नाकातून पाणी गळलं. मान लोंबत होती. हळद-कुंकवाचे ओघळ मामांच्या हातावरून वाहत होते आणि क्षणभर मला ते रक्तच वाटलं. मामा त्याच्या पुढच्या पायांना चोळत बसले, कितीतरी वेळ. मग कासवानं एक पाय आत ओढला.

"जित्तं हाय," मामा म्हणाले. मग त्यांनी बांधलेल्या शेळीकडं बघितलं आणि तिला सांगितलं, "पाव्हण्यांना विहीर मानवली न्हाई."

आत्यांनी घरी येताना आम्हा दोघांना एकदमच बजावलं, "पुण्याला कुणी तोंडातून काढायचं न्हाई." मामा गप्प राहिले. मला वाटलं, गप्प म्हणजे कबूल.

त्यानंतर मामांनी कासवाचा अभ्यास सुरू केला, म्हणजे त्याच्याकडं बघत बसायला लागले. शेळ्या चारता चारता त्याला बांधावर मोकळं सोडायचं आणि ते काय करतं ते बघायचं. ते गवत खात होतं. बांधावरच्या फड्या निवडुंगाकडं मान लांबवत होतं. मामांनी दुष्काळात जनावरांना घालत तसा निवडुंग विस्तवावर धरून त्याचे काटे जाळले आणि फाका करून पुढं ठेवल्या, तर पाव्हणं तुटून पडलं. हिरवा रस हनुवटीवरून गळेपर्यंत खाल्लं.

आणि ते बीळ खणत होतं. पुढच्या पायांनी माती मागं फेकत, तासन् तास, न थकता. बांधाच्या पोटात त्यानं आत शिरण्यापुरतं बीळ केलंसुद्धा. मला वाटलं, झालं, घराचा प्रश्न मिटला. पण मामा तिथं बसून राहिले, मूठभर माती हातात घेऊन. "काळी हाय," ते आत्यांना म्हणाले. "उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात मिटते. पाऊस लागला की आतच गाडलं जाईल." त्यांनी बीळ बुजवलं. कासवानं शेजारी दुसरं खणलं. मामांनी तेही बुजवलं. दोघंही सारखेच हट्टी, एक बोलत नाही, दुसरा ऐकत नाही.

शेवटी मामांनी त्याच्यासाठी मुरमाचं घर केलं. गोठ्याच्या उंच बाजूला, जिथं पाणी साचत नाही, तिथं गाडीभर मुरूम ओतला, दोन्ही बाजूंनी दगड रचले, वर फरशी टाकली, फरशीवर पुन्हा मुरूम, त्यावर पत्रा. आतून बीळ, वरून टेकडी. तोंड पावसाच्या उलट बाजूला. आत वाळका कडबा. पहिल्या दिवशी पाव्हण्यांनी दारात उभं राहून आतला वास घेतला आणि ते सरळ आत गेले. मामा शेळीला म्हणाले, "पसंत पडलं बघ."

माझ्या मनात मामांविषयी आदर होताच, सून म्हणून ठेवावा लागतो तसा. पण ते घर बघून मला खरोखर कौतुक वाटलं. खणायची हौस आहे ना, मग खणू द्या, पण गाडलं जाणार नाही अशा जागी. जनावराचा हट्ट मोडायचा नाही, त्याला कोरडी जागा काढून द्यायची. माझ्या माहेरी पोरींनासुद्धा इतकं समजून घेत नव्हते.

पावसाळा नीट चालला होता, आणि मग झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे जोराचा पाऊस नव्हे, तो परवडला. ही भुरभुर, दिवसामागून दिवस, सूर्याचं तोंड नाही. वाळत घातलेली चोळी चार दिवसांनीही ओलीच. पिठाला वास, मिठाला पाणी, माझ्या मशीनच्या सुईला गंज. मामा रोज कासवाचा कडबा बदलत, कारण सकाळी घातलेला संध्याकाळी सादळायचा आणि त्याला बुरशी धरायची. तरीही एके दिवशी पाव्हण्यांच्या नाकावर बुडबुडा दिसला. मग श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. मग त्यानं निवडुंगाकडं बघणंही सोडलं.

औंढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. तरुण होते, आणि सरळ म्हणाले, "मी कासव फक्त शिकताना बघितलंय." तिथल्या तिथं त्यांनी परभणीला आपल्या ओळखीच्या कुणालातरी फोन लावून सगळं विचारून घेतलं. हा माणूसही मला आवडला. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "हे कधी पाण्यात पडलं होतं का?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पायाच्या अंगठ्याकडं.

"पडलं न्हाई," मामा म्हणाले. "मी सोडलं."

डॉक्टरांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. पाणी फुप्फुसात गेलं असेल, तेव्हापासून ते कच्चं झालं असेल, आणि आता ही दमट हवा. थंडीपेक्षा ओलं वाईट, आणि ओलं-थंड दोन्ही एकत्र म्हणजे संपलंच. याला पक्क्या छताखाली ठेवा, वर पिवळा बल्ब लावा, अंग कोरडं ठेवा. गोठ्यात डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करता तो याच्या जवळ नको. पाठीला तेल, हळद, कुंकू काही नको. हे ऐकून आत्यांचा चेहरा पडला, कारण त्या दर सोमवारी गुपचूप लावत होत्या. इंजेक्शन पुढच्या पायात द्यायचं होतं. कासव पाय आत ओढून बसलं. मामांनी पाय ओढला नाही. नुसतं बोट त्याच्या पंजाखाली ठेवून वाट बघत राहिले, आणि जरा वेळानं पाय आपोआप बाहेर आला.

जाताना डॉक्टर म्हणाले, "यातून निघालं तर बघा, तुमच्या-माझ्या मागंही कितीतरी वर्षं जगेल हे." आम्ही ते धीर देणं म्हणून ऐकलं. मामांनी मात्र मान वर करून त्यांच्याकडं बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी मामा आत्यांना म्हणाले, "तिला म्हणावं, पुण्याला फोन लाव. तोंड दिसतं तसा लाव."

आत्या म्हणाल्या, "काहून? बरं झाल्यावर सांगू की."

"लाव म्हणावं."

मी फोन धरला. पडद्यावर भाची आली. मामा फोनच्या फार जवळ बसले होते, तिला त्यांचं फक्त नाक आणि डोळे दिसत असणार.

"बाळा," ते म्हणाले, "तुझ्या कासवाला मी विहिरीत सोडलं होतं. मला वाटलं, मी चांगलं करून राहिलो. ते बुडत होतं. काढलं, पण आता त्याला बरं न्हाई. माझं चुकलं."

मागून नणंदेचा आवाज आला, "बाबा, विहिरीत? अहो, विहिरीत कोण..." पोरगी रडायला लागली. मामा हलले नाहीत. फोन बंद करा म्हणाले नाहीत, तोंड फिरवलं नाही. ती रडत होती तोवर तिच्यासमोर बसून राहिले. मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "आत्ता त्याची मान बाहेर आहे का?"

मी फोन फिरवून दाखवला. होती.

"मग मला रोज सकाळी दाखवा," ती म्हणाली.

या घरात मोठ्या माणसानं लहानाला 'माझं चुकलं' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माहेरीही नाही, सासरीही नाही. मला मामांचा फार अभिमान वाटला. आणि वाटलं, या माणसाशी बोलायची आपल्याला चोरी आहे, हा केवढा तोटा.

घरात पक्क्या छताची खोली एकच, माझ्या मशीनची. बाकी सगळे पत्रे. म्हणून पाव्हण्यांचा मुक्काम माझ्या खोलीत आला. जुन्या पेटीत कडबा, वर बल्ब. आणि पाव्हण्यांमागून मामा आले. ते त्या खोलीत आजवर कधी शिरले नव्हते. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर उभं राहून खाकरायचे. मी पदर ओढून घ्यायची आणि मशीनकडं तोंड करायची. मग ते आत येऊन पेटीजवळ उकिडवे बसायचे.

पहिल्याच दिवशी मी हौसेनं पेटीत ब्लाऊजच्या चिंध्या पसरून ठेवल्या होत्या, मऊ लागाव्यात म्हणून. मामांनी त्या बघितल्या. शेळी बाहेर, आत्या देवापुढं. मध्ये घ्यायला कुणीच नव्हतं. मग ते कासवाला म्हणाले, "पाव्हणं, तुमाला आता कापड खायचं हाय का?"

मी चिंध्या काढल्या. आणि काय वाटलं कोण जाणे, मीही कासवालाच म्हणाले, "पाव्हणं, कुणी आधी सांगितलं असतं तर टाकल्या नसत्या."

मामांनी पेटीतला कडबा सारखा केला. मग म्हणाले, "पाव्हणं, तेबी बराबर हाय."

झालं, तिथून आमचं सुरू झालं. पाव्हणं मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. "पाव्हणं, लाइट जाऊन राहिली, तुमचं कसं?" "पाव्हणं, मी बाटल्यांत गरम पाणी भरून ठेवलंय, गुंडाळून देते." "पाव्हणं, त्यापेक्षा चुलीतली वीट बरी, लवकर निवत न्हाई." वीट खरंच जास्त वेळ गरम राहिली, गोणपाटात बांधून. हळूहळू कासवाच्या पलीकडचेही विषय निघायला लागले. मामांनी पाव्हण्यांना सांगितलं की तरुणपणी ते कळप घेऊन पार कयाधूच्या काठानं जायचे. मी पाव्हण्यांना सांगितलं की मला बी.ए.च्या पुढं शिकायचं होतं. पाव्हण्यांनी सगळं ऐकून घेतलं. इतकं ऐकून घेणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

नणंदेच्या सूचना फोनवरून चालूच होत्या, हे करा, ते करू नका. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तिचा जीव राहत नव्हता, हेही खरं. आणि आम्ही सगळं करत होतो, तरी कासव खात नव्हतं. मामा रोज निवडुंग भाजून आणत, ताटलीत ठेवत, संध्याकाळी तसाच उचलून शेळ्यांना टाकत. एकदा ताटली उचलताना हळूच म्हणाले, "पाव्हणं, मी शब्द दिलेला हाय हो." आवाज असा होता की मी मशीनचं चाक हातानं थांबवून बसले. टाका घालायला डोळ्यांना दिसेना.

झड सरली, ऊन तिरपं खिडकीतून आत यायला लागलं. मी काजं करत होते. मागून कचकच आवाज आला. वळून बघितलं तर आत्यांनी पूजेसाठी तोडून आणलेल्या जास्वंदीची परडी पेटीच्या कडेला टेकवलेली, आणि पाव्हण्यांनी मान उंच करून एक लालभडक फूल ओढून घेतलेलं. अर्धं तोंडात, अर्धं बाहेर. आत्या धावत आल्या, "अगं माय, देवाचं फूल!" आणि मग दारातच थांबल्या. "खाऊ दे," म्हणाल्या. "देवच हाय तेबी."

मामा खाकरले नाहीत. ते उंबऱ्यावर आले, बघितलं, आणि उंबऱ्यावरच बसले. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि मग बराच वेळ तो तोंडावरून काढलाच नाही. मी एकेक करून सगळी परडी पाव्हण्यांपुढं रिकामी केली. त्या दिवशी देवाला नुसता बेल वाहिला.

दिवाळीला नणंद आणि भाची आल्या. नणंदेनं पुण्यात तळमजल्याचं, थोडं अंगण असलेलं घर घेतलं होतं, म्हणजे पाव्हण्यांची तिकडं सोय झाली होती. मामांनी सगळी तयारी ठेवली होती. खोक्यात ताजा कडबा, काटे जाळलेल्या निवडुंगाची पिशवी. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवत. कासव अंगणात उन्हाला बसलं होतं. चांगलं भरलं होतं, पाठीवर वाढीची नवी फिकट रेघ आली होती.

"घे बाळा," मामा म्हणाले. "तुझं तुला जित्तं दिलं. मी मोकळा झालो."

पोरगी धावली. तिनं त्याला ठेवलेल्या लाडक्या नावानं हाक मारली, पुन्हा मारली. कासवानं मान किंचित हलवली आणि तिथंच राहिलं. तेवढ्यात मामांना खाकरा आला, खरोखरचा. कासवानं मान उंचावली, पाय उचलले आणि सबंध अंगण ओलांडून ते मामांच्या पायाशी येऊन थांबलं.

भाची बघत राहिली. मग आईजवळ जाऊन तिच्या कानात काहीतरी बोलली. नणंदेचे डोळे भरले, तिनं मान डोलावली.

"आजोबा," भाची म्हणाली, "हा इथंच राहू दे. मी दर दिवाळीला येईन. पण तुम्ही सांभाळायचं. शब्द द्या."

मला वाटलं, आता मामा हसतील. त्यांना तर हेच हवं होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण मामांनी मान हलवली.

"न्हाई बाळा. असा शब्द मला देता येत न्हाई."

"बाबा!" नणंद म्हणाली.

"शेळ्या माझ्या आधी जातात," मामा सावकाश म्हणाले. "कोणती बाजारला, कोणती तशीच. त्यांना दिलेला शब्द मी पाळू शकतो. हे मागं राहणार हाय. डॉक्टर म्हणले ना. मी गेल्यावर माझा शब्द कोण पाळणार?"

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते, हातात दोरा ओवलेली सुई. मामांनी आत्यांकडं बघितलं नाही. शेळीकडं बघितलं नाही. पायाशी कासव होतं, त्याच्याकडंही नाही. लग्न होऊन मला वीसेक वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"माय," ते म्हणाले, "माझ्यामागं तू बघशील का याला?"

आत्या सवयीनं माझ्याकडं वळल्या. "ते इचारून राहिलेत..." आणि मध्येच थांबल्या.

मला ऐकू आलं होतं. मला सगळं ऐकू आलं होतं. मी सुई पदराला टोचली आणि त्यांच्याकडं बघूनच बोलले.

"व्हय मामा. तुमी हाय तवर आपण दोघं बघू. मग मी बघते."

मामांनी मान डोलावली. मग नातीकडं वळून त्यांनी तिच्यापुढं हात केला.

"घे," म्हणाले. "आता घे शब्द."